मार्सेय: उड्यांचं शहर

मार्सेयमध्ये माणसं उड्या मारतात. कठड्यावरून, खडकावरून, घरांच्या भिंतींखालून थेट पाण्यात उतरणाऱ्या पायऱ्यांवरून, जिथून म्हणून समुद्र गाठता येईल तिथून. शाळा सुटलेली पोरं दप्तरं खडकावर भिरकावून मुटके मारतात. सत्तरीच्या आजीबाई रबरी टोपी चढवून, एकमेकींशी गप्पा मारत मारत शिडीनं उतरतात आणि पाण्यातही गप्पा चालूच ठेवतात. कामावरून परतणारा एखादा गृहस्थ शर्ट-पँटची घडी करून बुटांवर ठेवतो आणि असा देखणा सूर मारतो की बघत राहावं. हे कुठल्या लांबच्या रिसॉर्टवर चाललेलं नाही. फ्रान्समधल्या दुसऱ्या क्रमांकाच्या शहरात, सिटी बसच्या थांब्यापासून हाकेच्या अंतरावर चाललंय, रोज, फुकट. मी ते पहिल्यांदा पाहिलं आणि मला राहवेना. भेटेल त्याला सांगत सुटले, आता तुम्हाला सांगतेय.

मराठी माणसाला मार्सेय ठाऊक असतं ते एकाच उडीमुळे. तिच्याकडे मी येणारच आहे. पण आधी शहरात शिरू या, कारण शिरतानाच हे शहर आपल्याला खिशात टाकतं.

पॅरिसहून वेगवान गाडी सव्वातीन तासांत सँ शार्ल स्टेशनात पोचते. स्टेशन टेकाडावर आहे. बाहेर आलं की समोर १०४ पायऱ्यांचा भव्य जिना, खाली लाल कौलांचा पसारा, आणि पार पलीकडच्या टेकडीवर नोत्र दाम द ला गार्द. त्या देवळाच्या शिखरावर अकरा मीटर उंचीची सोनेरी माता बाळाला घेऊन समुद्राकडे बघत उभी आहे. मार्सेयकर तिला लाडानं ‘बॉन मेर’ म्हणतात, म्हणजे चांगली आई. आत छतापासून जहाजांच्या छोट्या प्रतिकृती टांगलेल्या आहेत, भिंतींवर वादळातून वाचलेल्यांनी लावलेल्या संगमरवरी पाट्या आहेत. नवस बोलणं आणि फेडणं आपल्याला कुणी समजावून सांगावं लागत नाही. मी तिथे पोचले आणि हात आपसूक जोडले गेले.

माझी भाची इथून जवळच्या एक्स शहरात शिकते. ती स्टेशनवर न्यायला आली होती. “मावशी, सामान टाक आणि पोहायचे कपडे आतूनच घाल,” तिनं फर्मान काढलं, “इथे दिवसभर तसंच हिंडायचं असतं.” किती शहाणं फर्मान होतं ते!

सकाळी पहिल्यांदा जुन्या बंदरावर जायचं. दोन बाजूंना दोन किल्ले, सँ झाँ आणि सँ निकोला, आणि त्यांच्यामधून शहराच्या पोटात शिरलेलं लांबट चौकोनी पाणी. शेकडो होड्यांच्या डोलकाठ्यांची नुसती दाटी. धक्क्यावर निळसर ट्रेमध्ये मासळी मांडलेली असते, रात्री धरलेली. काही मासे अजून तोंडं उघडमीट करत असतात, ऑक्टोपस ट्रेच्या कडेवरून पाय बाहेर टाकत असतो, आणि कोळणी गिऱ्हाइकाला अशा खणखणीत आवाजात बोलावतात की भाषा येत नसली तरी भाव करावासा वाटतो. शेजारी नॉर्मन फॉस्टरनं उभारलेलं, २०१३ सालचं आरशासारखं चकचकीत छत आहे. त्याच्याखाली उभं राहून मान वर केली की आपण उलटे दिसतो, आपल्याबरोबर मासळी उलटी, पर्यटक उलटे, सगळं बंदर उलटं! पोरं तिथे आडवी पडून स्वतःकडे बघत असतात.

ह्याच धक्क्यावर जमिनीत बसवलेली एक धातूची पाटी आहे. इसवी सनापूर्वी ६०० च्या सुमाराला आशिया मायनरमधल्या फोकाइया नगरातले ग्रीक खलाशी इथे उतरले आणि त्यांनी मसालिया वसवलं, असं ती सांगते. दंतकथा तर फारच गोड आहे. ते उतरले त्या दिवशी इथल्या टोळीच्या राजाच्या लेकीचं, जिप्टिसचं, स्वयंवर होतं. मेजवानीत ती ज्याच्या हाती पेला देईल तो नवरा. सगळे स्थानिक वीर वाट बघत बसलेले, आणि तिनं पेला दिला नुकत्याच बोटीवरून उतरलेल्या परक्या प्रोटिसला. सव्वीसशे वर्षांचं शहर एका मुलीच्या निवडीतून जन्माला आलं, असं मानणारी माणसं मला फार आवडली.

आणि ही नुसती कथा नाही, पुरावा आहे. १९६७ साली बंदरामागे बाजार-संकुलासाठी खोदकाम करताना प्राचीन धक्काच बाहेर आला. आज तिथे गवत आहे, दगडी धक्का आहे आणि शेजारी शहराचा इतिहास सांगणारं संग्रहालय. त्या संग्रहालयात मी एका होडीसमोर खिळून राहिले. ख्रिस्तपूर्व सहाव्या शतकातली ग्रीक होडी, आणि तिच्या फळ्या दोऱ्यांनी शिवलेल्या! आपल्या पश्चिम किनाऱ्यावर शतकानुशतकं काथ्यानं शिवलेली गलबतं चालली. २०२५ च्या मे महिन्यात कारवारला नौदलात दाखल झालेलं ‘कौंडिण्य’ गोव्यात तसंच शिवून बांधलं गेलं. इथल्या लोकांनीही त्या शिवलेल्या होडीची हुबेहूब प्रतिकृती बांधून २०१३ साली समुद्रात सोडली. तिचं नाव ठेवलं जिप्टिस. काचेपलीकडची ती टाक्यांची भोकं मी एकेक करून बघितली.

एक गोष्ट मात्र डोळ्यांआड करून चालणार नाही. बंदराच्या उत्तर काठावरच्या बहुतेक इमारती जुन्या नाहीत. १९४३ च्या हिवाळ्यात जर्मन फौजेनं वीस हजारांहून जास्त माणसांना घराबाहेर काढलं आणि ती अख्खी वस्ती सुरुंग लावून उडवली. वरच्या अंगाची पानिए ही वस्ती तेवढी वाचली. तिच्या उतरत्या बोळांतून, दोरीवर वाळत घातलेल्या कपड्यांखालून चालताना हे आठवत राहतं.

आता समुद्र! बंदरावरून ८३ क्रमांकाची बस पकडायची, किंवा सरळ चालत सुटायचं. वीस-पंचवीस मिनिटांत कातालानची पुळण येते. छोटीशीच, पण खरीखुरी वाळू, आणि शहर अगदी पाठीशी टेकलेलं. इथून शंभरेक मीटर आत, पाच मीटर पाण्याखाली २०२० पासून शिल्पांचं संग्रहालय आहे. तिकीट नाही, दार नाही. डोळ्यांना चष्मा लावायचा आणि पोहत जायचं. मी श्वास भरून खाली बघितलं तर तळाशी पुतळे उभे, आणि त्यांच्या खांद्यांवरून माशांचे थवे बिनधास्त चाललेले.

कातालानपासून कोर्निश नावाचा किनारी रस्ता सुरू होतो. एका अंगाला घरं, दुसऱ्या अंगाला कठडा, आणि त्या कठड्यालाच जोडून किलोमीटरच्या किलोमीटर चालत जाणारं एक सलग बाक. जिथे पाय दमतील तिथे बसा, समोर समुद्र आहेच. थोड्याच अंतरावर रस्ता तीन कमानींच्या पुलावरून जातो आणि पुलाखाली व्हालों देझोफ नावाची मच्छीमारांची खाडी अचानक दिसते. रंगीत होड्या, त्यांच्यामागे बुटकी घरं, आणि घराचा उंबरठा पाण्यापासून जेमतेम वीतभर वर.

तो उंबरठा बघून माझ्यातली कोकणी मुलगी चक्रावली. समुद्राच्या इतकं जवळ घर? भरती आल्यावर काय? तर इथे भरती म्हणावी अशी भरतीच नाही! मुंबईला उधाणाच्या दिवशी पाणी पाच मीटरपर्यंत चढतं, आणि इथे सगळा फरक वीतभराचा. भूमध्य समुद्राला बाहेरच्या महासागराशी जोडणारी जिब्राल्टरची सामुद्रधुनी सगळ्यात अरुंद ठिकाणी जेमतेम चौदा किलोमीटर रुंद. महासागराच्या भरतीचा जोर त्या फटीतून आत पोचतच नाही. म्हणून पायऱ्या थेट पाण्यात उतरतात आणि कुठल्याही तासाला पाणी तिथेच भेटतं. ओहोटी लागली म्हणून चिखल तुडवत जायला नको, भरतीचं वेळापत्रक बघायला नको. शहर आणि समुद्र इतके एकमेकांच्या गळ्यात पडलेले का आहेत, ते मला त्या उंबरठ्यापाशी समजलं.

आणि पाण्याचा रंग! आपल्या नद्या डोंगरांची माती आणून ओततात, तिच्यावर आपली मासळी पोसते. इथलं पाणी अन्नद्रव्यांनी गरीब, म्हणून इतकं नितळ. तळाचे गोटे मोजता येतात. शिवाय खारटपणा महासागरापेक्षा जास्त, त्यामुळे अंग सोडून दिलं की पाणीच आपल्याला उचलून धरतं.

मालमूस्क हे त्यापुढचं ठिकाण. ह्या सगळ्या किनाऱ्यात मला सर्वांत जास्त लळा लागला तो ह्याचा. पुळण वगैरे काही नाही. अरुंद गल्ल्या, त्यांच्या शेवटी पांढरट खडक आणि सपाट ओटे, आणि त्या ओट्यांवर अख्खं गाव टॉवेल अंथरून बसलेलं. समोर फ्रिउलची बेटं आणि शातो दीफचा किल्ला. एका खडकावर पोरांची रांग लागलेली. कुणी पाय पोटाशी घेऊन मुटका मारतंय, कुणी धावत येऊन हवेत कोलांटी घेतंय, वर आलं की पुन्हा रांगेत. मी गावाकडच्या विहिरीत, पाठीला सुकवलेला भोपळा बांधून पोहायला शिकले. काठावरून पाण्यात झोकून देण्यातलं सुख त्या दिवसांपासून माहीत आहे. भाची माझ्याकडे बघत होती. “मावशी, जा ना,” ती म्हणाली. मी त्या पोरांच्या रांगेत उभी राहिले. एक काळ्या कुरळ्या केसांचा मुलगा बाजूला झाला, हातानं ‘आधी तुम्ही’ अशी खूण केली, आणि मी सूर मारला. वर आले तर खडकावर टाळ्या! गारेगार पाणी, डोळ्यांत मीठ, समोर किल्ला, आणि मी तिथे पाण्यात उभ्या उभ्या मोठ्यांदा हसत होते.

हे पाणी कधी गार असेल आणि कधी उबदार, ह्याचाही खेळ आहे. उत्तरेकडून मिस्त्राल नावाचा झोंबरा वारा सुटला की वरचं तापलेलं पाणी तो आत समुद्राकडे ढकलतो आणि खालचं थंड पाणी वर येतं. भर जुलैत काल कोमट असलेला समुद्र आज हाडं गोठवतो. मग पोरं काय करतात? उड्या मारतात. फक्त लवकर बाहेर येतात.

पुढे प्रादोच्या पुळणी. त्या माणसानं केलेल्या आहेत. सत्तरच्या दशकात मेट्रोचे बोगदे खणले, तेव्हा निघालेली माती-दगड इथे टाकून शहरानं स्वतःसाठी किनारा घडवला. आज तिथे हिरवळ आहे, पोरांची झुंबड आहे. शेजारी बोरेलीचं उद्यान आणि घोड्यांच्या शर्यतींचं मैदान. १९१४ च्या सप्टेंबरअखेर हिंदुस्थानी पलटणी मार्सेयला उतरल्या, तेव्हा त्यांचे तंबू ह्याच परिसरात पडले होते. इथून त्या उत्तरेच्या चिखलाच्या खंदकांत गेल्या. जवळच माझार्गच्या युद्धस्मशानात त्यांच्यातल्या अनेकांची नावं दगडावर आहेत. पोहून आल्यावर तिथे जा. आम्ही गेलो, ओल्या केसांनीच, आणि बराच वेळ नावं वाचत राहिलो.

आता ती उडी. बोटी ज्या नव्या बंदराला लागत ते जुन्या बंदराच्या उत्तरेला, ला जोलियेतच्या बाजूला. आजही कोर्सिका आणि अल्जीरियाची प्रचंड जहाजं तिथेच लागतात. धक्क्यांभोवती कुंपण आहे, पण वरच्या बाजार-संकुलाची लांबलचक गच्ची थेट बंदरावर उघडते. आम्ही तिथे कठड्याला टेकून उभ्या राहिलो. ८ जुलै १९१० च्या सकाळी ‘मोरिया’ ह्या बोटीच्या शौचकुपातल्या गोल खिडकीतून अंग सोडवून, कैदेत नेल्या जाणाऱ्या सावरकरांनी ह्या पाण्यात उडी टाकली, धक्का गाठला आणि ते फ्रान्सच्या भूमीवर धावत सुटले. काही शे यार्डांवर एका फ्रेंच पोलिसानं त्यांना धरलं आणि मागून धावत आलेल्या पहारेकऱ्यांच्या हवाली केलं. फ्रान्सनं तक्रार केली, प्रकरण हेगच्या आंतरराष्ट्रीय लवादापुढे गेलं. २४ फेब्रुवारी १९११ च्या निवाड्यात लवादानं मान्य केलं की त्यांना असं हवाली करण्यात अनियमितता झाली, पण म्हणून त्यांना परत करायला ब्रिटन बांधील नाही. ही सगळी माहिती शाळेपासून डोक्यात होती. पण त्या गच्चीवरून खालचं काळपट निळं पाणी, धक्क्याची उभी भिंत, आणि पलीकडे सुरू होणारे रस्ते दिसले तेव्हा पहिल्यांदाच त्या घटनेला जागा मिळाली. तो सत्तावीस वर्षांचा मुलगा कुठल्या दिशेनं धावला असेल, हे आम्ही दोघी बोटांनी दाखवत होतो. भाचीचा आवाज बदलला होता, माझाही.

ह्याच बंदरात ११ सप्टेंबर १९३१ ला गांधीजी गोलमेज परिषदेला जाताना ‘राजपुताना’ बोटीतून उतरले. सुएझ कालवा झाल्यापासून मुंबईचा माणूस युरोपात पाऊल टाकायचा ते फार वेळा इथेच. टपाल इथे उतरायचं, विद्यार्थी इथून लंडनची आगगाडी पकडायचे.

त्याच्याही कितीतरी आधी इथे गोव्याहून एक पाहुणा आला होता, चार पायांचा! गुजरातच्या सुलतानानं पोर्तुगीजांना नजर केलेला गेंडा १५१५ च्या जानेवारीत गोव्याहून जहाजानं निघाला आणि मे महिन्यात लिस्बनला पोचला. अल्ब्रेख्त ड्यूररनं त्याला न बघता, नुसतं वर्णन आणि एका रेखाटनावरून, त्याचं जगप्रसिद्ध लाकूडठशाचं चित्र केलं. मग पोर्तुगालच्या राजानं तो पोपला भेट म्हणून पाठवला. वाटेत, १५१६ च्या जानेवारीत, जहाज मार्सेयपाशी थांबलं आणि फ्रान्सचा राजा पहिला फ्रान्स्वा त्या गेंड्याला बघायला समोरच्या बेटावर गेला. पुढे इटलीच्या किनाऱ्याजवळ जहाज बुडालं आणि साखळीनं बांधलेला तो जीव गेला. ज्या बेटावर राजानं त्याला पाहिलं, त्याच बेटावर काही वर्षांनी किल्ला उभा राहिला: शातो दीफ, द्यूमाच्या ‘काउंट ऑफ माँटे क्रिस्टो’चा तुरुंग. बोटीनं तिथे पोचल्यावर बाकी सगळे कादंबरीतल्या कैद्याची कोठडी शोधत होते. मला आधी गेंडा आठवला. गोव्याचं ऊन अंगावर घेतलेला प्राणी ह्या पांढऱ्या खडकावर उभा होता!

खाण्याचं सांगायलाच हवं. बुइयाबेस हे इथलं नाव काढलेलं कालवण. मूळचं मच्छीमारांचं, न विकलेल्या काटेरी मासळीचं. आता मात्र खिशाला चांगलंच जड. रास्कास नावाचा लाल, काट्यांचा मासा त्यात हवाच, केशर हवं, आणि सोबत लसूण-मिरचीची ‘रुई’ फासलेले पावाचे तुकडे. आधी रस्सा येतो, मग मासे वेगळे येतात. उत्तम आहे. पण माझा जीव जडला तो स्वस्तातल्या पानिसवर. उन्हाळ्यात जुन्या बंदरावरून एस्ताकला बोट जाते. ह्या एस्ताकमध्ये १९०८ साली ब्राकनं घरांची जी चित्रं केली, त्यांतून घनवादाला सुरुवात झाली. तिथल्या धक्क्यावरच्या टपरीत पानिस मिळतं: चण्याच्या पिठाचा घट्ट शिजवलेला गोळा थापून, गार करून, चकत्या कापून तळलेला. पहिला घास घेतला आणि मी ओरडलेच, “अगं, ही तर तळलेली पाटवडी!” वरून नुसतं मीठ आणि मिरपूड. कागदाचा द्रोण संपला की दुसरा घ्यायचा. शिवाय सँ व्हिक्तोरच्या मठाजवळची १७८१ पासूनची भट्टी आणि तिच्यातल्या संत्र्याच्या फुलांच्या वासाच्या, होडीच्या आकाराच्या नाव्हेत. कडक असतात, कॉफीत बुडवायच्या.

आणि कलांक! शहराच्या दक्षिण टोकाला सिटी बस संपते आणि राष्ट्रीय उद्यान सुरू होतं. चुनखडीच्या पांढऱ्या कड्यांमध्ये समुद्र बोटांसारखा आत घुसलेला. ह्या पूर्वीच्या दऱ्या, हिमयुगानंतर पाणी चढलं तेव्हा बुडाल्या. ल्युमिनीहून पाइनच्या सावलीतून पाऊण तास उतरत गेलं की सुजितों. पायाखाली खडी घरंगळते, किड्यांची किरकिर कान भरून टाकते, रोजमेरीचा वास येतो, आणि एका वळणावर खाली तो निळा-हिरवा रंग दिसतो. भाचीनं काही न बोलता माझा दंड धरला.

इथून जवळच, मोर्जियूच्या बाजूला, जगातली एक विलक्षण गुहा आहे. आँरी कॉस्केर ह्या पाणबुड्याला १९८५ साली ३७ मीटर खोलीवर तिचं तोंड सापडलं. बोगद्यातून वर चढत गेलं की कोरडं दालन, आणि भिंतींवर सुमारे २७,००० वर्षांपूर्वीचे हातांचे ठसे! तेव्हा समुद्र शंभराहून जास्त मीटर खाली होता, किनारा कित्येक किलोमीटर पुढे होता. माणसं तिथे चालत आली होती. त्यांनी घोडे काढले, बायसन काढले, सील काढले, पेंग्विनसारखे दिसणारे पक्षीसुद्धा काढले. खरी गुहा पाण्याखाली बंदच आहे, आणि चढता समुद्र तिची चित्रं गिळतो आहे. पण २०२२ पासून बंदराजवळ तिची प्रतिकृती बघता येते. ती बघा, आणि मग कलांकमध्ये पोहा. पाण्यावर उताणं पडल्यावर आपल्याखाली काय काय आहे, ह्या विचारानं अंगावर काटा येतो.

जाणार असाल तर जून किंवा सप्टेंबर धरा. भर उन्हाळ्यात वणव्याच्या भीतीनं कलांकच्या वाटा कधीही बंद होतात, आदल्या संध्याकाळी चौकशी करून ठेवायची. सुजितोंला मोसमात दिवसाला फक्त ४०० माणसं सोडतात. नोंदणी फुकट आहे पण लागतेच. रबरी तळाचे बूट घ्या, खडक धारदार आहेत. पाणी भरपूर घ्या. माझं अजून फ्रिउलच्या बेटांवर पोहायचं राहिलंय, सोर्मियूच्या कलांकला जायचं राहिलंय, नोआईच्या बाजारात अल्जीरियन मिठाई खायची राहिलीय. भाचीचं शिक्षण अजून संपलेलं नाही. पुढच्या खेपेला बहिणीलाही नेणार आहे. तिला मी आतापासून सकाळी तलावावर घेऊन जातेय, कारण मालमूस्कच्या त्या खडकावरून आम्हाला तिघींना एकदम उडी मारायची आहे.